पार्टिशनच्या पलीकडं मुख्तार

परवा उस्मानपुऱ्यात एका फ्लॅटवर एसी बघायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "दादा, सकाळपासून चालूय, पण थंड म्हणून होत नाही." मी बघतो तर बाल्कनीचं दार सताड उघडं. दार ओढून घेतलं, त्यांनी दिलेला चहा घेत बसलो, चहा संपेस्तोवर खोली गार. वहिनी लाजल्या. म्हणलं, वहिनी, लाजायचं काय त्यात? सगळ्या जगातली माणसं हेच करतात. त्यांच्याच जिवावर मी इतकी वर्षं पोट भरलंय.

हे गमतीनं नाही सांगत. मी क्रूझवर होतो, म्हणजे सहलीच्या मोठ्या जहाजावर. आमच्या छत्रपती संभाजीनगरात जहाजावर होतो म्हणलं की लोक लगेच विचारतात, "कॅप्टन का?" आमच्याकडं पाणी म्हणजे पैठणचं धरण, नाथसागर, त्याच्यापलीकडं कुणाची मजल नाही, म्हणून मी कुणाला हसत नाही. कॅप्टनला मी लांबूनच बघितलेला. माझ्याकडं केबिनचे एसी आणि बाल्कनीची दारं. केबिनच्या दारांची कुलपं मुख्तारकडं. मुख्तार शहागंजच्या मागच्या गल्लीतला, आपल्याच गावचा. पहिल्या दिवशी जेवणाच्या रांगेत मी आपला स्वतःशीच "आयला, लई उकडतंय" म्हणालो, तर पुढचा माणूस ताट घेऊन गर्रकन वळला. "कहाँ के हो? औरंगाबाद के क्या?" इतक्या लांब, देशोदेशीच्या हजार माणसांत, आपल्या गावचा एक निघाला. मी दौलताबादचा म्हणल्यावर तो म्हणाला, "तो फिर जाम कहाँ हैं?" त्यांच्याकडं पेरूला जाम म्हणतात आणि आमचा पेरूचा मळा आहे. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलं.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जहाजावर प्रत्येक केबिनला आपल्यासारखा वेगळा एसी नसतो. खाली जहाजाच्या पोटात मोठाली मशिनं पाणी थंड करतात. ते पाणी नळ्यांतून प्रत्येक केबिनच्या छतात जातं, तिथं एक जाळी आणि पंखा असतो, बस्स. पण समुद्रावरची हवा गरम आणि ओली. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की ती आत शिरते, थंड जाळीला लागते आणि छतातून पाणी गळायला लागतं. भिंतींना घाम, गालिच्याला कुबट वास. म्हणून दाराच्या चौकटीत एक लोहचुंबकाचा स्विच असतो. दार उघडलं की एसी आपोआप बंद. पाहुण्यांना वाटतं एसी बिघडला, ते फोन करतात आणि हा दिलीप, म्हणजे मी, पान्हे घेऊन वर जातो.

काही लोक लई हुशार. जहाजावरच्याच दुकानातून फ्रिजला चिकटवायचं खेळण्यातलं चुंबक आणायचे आणि त्या स्विचवर बसवायचे. स्विचला वाटायचं दार बंद आहे. असंच एक नवं जोडपं होतं. दार उघडं, एसी चालू, समुद्राची गाज ऐकत झोपले. सकाळी गादीवर पाणी टपकायला लागलं तर नवरा माझ्यावरच ओरडायला लागला की जहाज बुडतंय. मी हळूच चौकटीवरचं चुंबक काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याच्यावर डॉल्फिनचं चित्र होतं. बायको इतकी हसली की तो बिचारा बाथरूममध्येच जाऊन बसला.

मुख्तारच्या कुलपांच्या गोष्टी वेगळ्याच. त्या कुलपांना किल्ली नसते, कार्ड असतं, आणि आत बॅटरी. बॅटरी संपली की दार मुकं होतं. मग मुख्तार आपली पेटी घेऊन जायचा. एकदा एक बाई केबिनबाहेर अंघोळीच्या झग्यात उभ्या, कार्ड लागत नाही म्हणून. मुख्तारनं तपासलं तर आतून कडी घातलेली. नवरा आतच रुसून बसला होता. मुख्तार पेटी बंद करून परत आला आणि मला म्हणाला, "ताला ठीक है भाई. मामला खराब है."

बिडकीनचे एक काका आलेले मला अजून आठवतात. जमीन कंपन्यांसाठी गेली होती, तिचा पैसा आला होता, पोरांनी हौसेनं वडलांना सिंगापूरकडच्या सहलीला आणलं होतं. तक्रार तीच, एसी चालत नाही. गेलो तर काका बाल्कनीत खाली सतरंजी टाकून पडलेले, दार उघडं, धोतर वाऱ्यावर उडतंय. मी इंग्रजीत सुरू केलं. काका म्हणाले, "मराठी येत नाय का रं तुला? तोंडावरनं तर आपल्याकडचा दिसतो." मी दौलताबाद म्हणल्यावर उठूनच बसले. "दार लावलं की जीव गुदमरतो बघ. आम्ही आंगणात झोपणारी माणसं. पोरगं म्हणतं एसी लावा. तुझा एसी ऱ्हाऊ दे तिकडं, मला वारं पायजे." मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि कडक दशमी काढली. क्रूनं पाहुण्यांच्या केबिनमध्ये बसायचं नसतं. मी उभ्यानं खाल्लं, कारण बसायची बंदी होती, खायची नव्हती. त्या चटणीनं माझं पुढचं आख्खं काम बिघडवलं. पान्हा हातात आणि डोळ्यांपुढं घर.

आम्हा क्रूची राहायची जागा मात्र पार खाली, पाण्याच्या पातळीखाली. दोघांत एक खोली, खिडकी नाही. दिवसभर लोकांच्या बाल्कन्या दुरुस्त करायच्या आणि झोपायला तळघरात. म्हणून मला माझ्या कामातला एक तुकडा फार आवडायचा. दार दुरुस्त झालं की ते बाहेरून लावून बघावं लागतं, कुठून शीळ घालतंय का ते ऐकायला. तेवढा वेळ मी बाल्कनीत एकटा आणि समोर सगळा समुद्र. जेवढा वेळ ऐकायला लागायचा त्याच्यापेक्षा जरा जास्तच मी ऐकत उभा राहायचो. ते उभं राहणं आजही आठवलं की जीव कासावीस होतो. मंगल, माझी बायको, म्हणते, "पाण्यात असताना मळ्यासाठी रडत होतात, मळ्यात आलात तर पाण्यासाठी." तिचं काही चुकत नाही.

आमच्यात एक रीत होती. दोघांपैकी ज्याचं कॉन्ट्रॅक्ट आधी संपेल त्यानं गावी गेल्यावर दुसऱ्याच्या घरी जाऊन यायचं. जहाजावरच्या सगळ्याच लोकांत ही रीत असते. फोनवर माणूस बरा आहे म्हणतो, पण जो त्याला रोज बघत होता त्यानं येऊन सांगितलं की घरच्यांचा विश्वास बसतो. मुख्तार दौलताबादला यायचा, माझ्या पोरीला चॉकलेटं द्यायचा, मंगलच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घ्यायचा. मी पेरूची पिशवी घेऊन शहागंजला जायचो, त्याच्या अम्मीकडं. मुख्तारचं लग्न टिकलं नव्हतं, वडील लहानपणीच गेलेले. घरात त्या एकट्या, वर पुतण्या राहायचा. अम्मी माझ्यापुढं ताट ठेवायच्या आणि एकच गोष्ट विचारायच्या, "वो जहाज पे हवा आती ना मेरे बच्चे कू? खिडकी है ना?" मी म्हणायचो, "हौ अम्मी, बाल्कनी है." मुख्तारनंच तसं शिकवून ठेवलेलं. त्या खूश व्हायच्या, मला अजून एक चमचा वाढायच्या.

मग ते साथीचं वर्ष आलं. पाहुणे एका बंदरावर उतरले ते उतरलेच, नवे आलेच नाहीत. एवढं मोठं जहाज रिकामं. नाचघर रिकामं, तरणतलाव कोरडा. कंपनीनं आम्हाला सांगितलं की प्रत्येकानं वेगळं राहायचं, वरच्या पाहुण्यांच्या केबिनमध्ये जा. अशी मला बाल्कनीची केबिन मिळाली आणि शेजारची मुख्तारला. आत गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? बाल्कनीचं दार सताड उघडलं. वर टक् करून एसी बंद पडला. मी मोठ्यांदा हसलो, एकटाच.

शेजारी मुख्तार फोनवर ओरडून सांगत होता, "अम्मी, बाल्कनी में बैठा हूँ! आज सच्ची में!" मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो, आणि पलीकडं अम्मी त्याला फैलावर घेत होत्या ते मला अलीकडं ऐकू येत होतं.

जहाज मुंबईच्या समोर येऊन नांगरलं. किनारा दिसत होता, उंच इमारती मोजता येत होत्या, पण उतरायची परवानगी नाही. नियम कडक होता. ठरलेले दिवस केबिनमध्ये एकटं काढायचे, कुणाशी संपर्क नाही, मग तपासणी, मग उतरणाऱ्यांच्या बोटीत नाव. कुणी कुणाच्या जवळ गेलं तर दोघांचेही दिवस पहिल्यापासून सुरू, आणि बोट हुकली की पुढची कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. एका फिलिपिनो पोरानं मित्राच्या केबिनमध्ये पत्ते खेळले, त्या दोघांना परत सगळं पहिल्यापासून काढावं लागलं. दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून लोक निघून जायचे. घरी मंगल, पोरगी आणि दम्याचे वडील. मी रोज त्या इमारतींकडं बघायचो आणि म्हणायचो, इतकं जवळ आणून का ठेवलं रे बाबा.

दोन बाल्कन्यांच्या मधे पांढरट पार्टिशन असतं. आरपार दिसत नाही, खाली चार बोटांची फट असते. एका कुटुंबानं शेजारच्या दोन केबिन घेतल्या की आम्ही ते पार्टिशन उघडून एक मोठी बाल्कनी करून द्यायचो. वर एक आणि खाली एक कडी, चौकोनी भोकाची, तिला चौकोनी चावी लागते. कुठल्याही बाजूनं फिरवली तरी उघडते. ती चावी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, आणि मुख्तारच्याही.

फटीतून मला मुख्तारची पावलं दिसायची, निळ्या स्लिपरा घातलेली. त्याला माझी. आम्ही पार्टिशनला पाठ लावून बसायचो आणि बोलायचो. रमजान लागला होता. मुख्तारचा डबा दुपारी यायचा, तो तसाच झाकून ठेवायचा. मग मीही माझा ठेवायला लागलो. सूर्य मावळला की तो पलीकडून म्हणायचा, "चल दिलीप, बिस्मिल्ला." दोघं गार भात खायचो. त्याला म्हणलं, तुझ्यामुळं मला पण उपास घडतोय. तो म्हणायचा, "तेरेकू दुपारी चाय पीते देखा मैंने. फट से सब दिखता."

अम्मींना साखरेचा जुना त्रास, त्यात किडनीचं निघालं. पुतण्या दवाखान्यातून फोन करायचा. आपल्याकडच्या सिमकार्डाला रेंज फक्त बाल्कनीच्या कठड्यापाशी मिळायची, म्हणून मुख्तारचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. ऐकायचं नाही म्हणून मी आत जायचो आणि परत बाहेर यायचो. आधी तो दवाखान्याचं विचारायचा, मग औषधाचं, मग एकेक दिवस नुसतंच, "बात करी क्या? आँख खोली क्या?" उतरायची बोट परवा की तेरवा एवढं कळलं होतं. आमची दोघांची नावं लागली होती. मुख्तार पार्टिशनला डोकं टेकून म्हणायचा, "बस दो-तीन दिन, अम्मी. ठैरो जरा." तिथं अम्मी नव्हत्या, पण तो बोलायचा.

नावं लागली त्याच दिवशी, दुपारी, त्याचा फोन वाजला. मी दाराचा रुळ उगाचच पुसत होतो. मुख्तारनं पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम शांत आवाजात म्हणाला, "हौ. असर के पहले मिट्टी दे दो. चार-पाचच जाने को मिलता ना? तो जाओ तुम लोग. मेरी राह नक्को देखो."

फोन ठेवल्यावर त्याची पावलं तिथंच राहिली. मग एक स्लिपर निघाली, दुसरी निघाली, आणि तो खाली बसला. आवाज आला तो माणसाचा आहे हे कळायलाही मला वेळ लागला. इतक्या वर्षांत मुख्तारला मी रडताना ऐकलं नव्हतं. दारात बोटं चेंगरली तेव्हा नाही, बायको सोडून गेली तेव्हा नाही.

मी आत गेलो आणि जुडगं घेऊन आलो. खरं सांगतो, बोट डोक्यात आली. पोरगी आली, मंगल आली, वडलांचा दमा आला. पण माझ्या भावाच्या जागी असलेला माणूस चार बोटांवर एकटा रडतोय आणि माझ्या हातात त्याच दाराची चावी आहे, हे मला सहन होईना. वाकून खालच्या कडीत चावी घातली आणि फिरवली. कडी सुटली. वरच्या कडीला हात घातला तेवढ्यात पार्टिशन गच्च झालं. मुख्तारनं पलीकडून पाठ लावली होती.

"नक्को दिलीप."

"सरक रं बाजूला."

"नक्को बोला ना. तेरी बच्ची राह देखरी."

"मुख्तार, सरक म्हणतो ना."

"मेरी राह देखनेवाली गई रे," तो म्हणाला. "तेरे घर में तीन जने बैठेले हैं. लगा वो कडी. लगा बोला ना तेरेकू!"

मी रागानं पार्टिशनवर हात मारला. शिवी पण दिली त्याला. मग मीही खाली बसलो, पार्टिशनला पाठ लावून. फटीतून त्याची बोटं दिसत होती. मी माझा हात तिथं नेला आणि धरली ती बोटं. नियमात ते पण बसत नव्हतं, पण तेवढं त्यानं करू दिलं. गावात असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ झाली तेव्हा त्यानं हात काढून घेतला, दुवा मागायला. मी वळून खालची कडी परत लावली. कडी लावताना इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

बोटीत आम्ही लांब लांब बसलो, मास्क लावून. मुंबईपासून परवान्याची एक गाडी दोघांत मिळाली. वैजापूरच्या बाजूनं येताना आमचा किल्ला आधी लागतो. सकाळ होती. मळ्याची वाट दिसली तशी मी गाडीची काच खाली केली. ड्रायव्हरनं विचारलं, "इथं उतरणार ना?" मी मंगलला फोन लावला. म्हणलं, दारात आलोय, पण... ती म्हणाली, "आधी मुख्तारभाईंना पोचवा. आम्ही कुठं पळून चाललोय का?" पाठीमागून पोरगी बाबा बाबा करून ओरडत होती. मी ड्रायव्हरला चल म्हणलं.

पुढं मी परत जहाजावर गेलो नाही. मंगलनं पासपोर्ट गव्हाच्या कोठीत टाकलाय, लागला तर सगळा गहू उपसावा लागेल. मुख्तार मात्र जहाजं सुरू झाल्याबरोबर गेला. मी म्हणलं, राहा इथंच, मिळून दुकान टाकू, कुलपं तुझी, एसी माझे. म्हणाला, "यहाँ किसके वास्ते रहूँ?" मी म्हणलं, माझ्यासाठी राहा. तो हसून बॅग भरायला लागला. अधनंमधनं दारांचे फोटो पाठवतो. मी ते मोठे करून बघत बसतो, दार सोडून मागचा समुद्र.

पण त्या सकाळचं राहिलं. मुख्तार घरी गेलाच नाही. गाडी सरळ कबरस्तानाशी न्यायला लावली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गर्दी होऊ नये म्हणून कबरस्तानाच्या फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं होतं. साधं, बाजारातलं कुलूप. चौकीदाराचा पत्ता नाही. मुख्तारच्या बॅगेत त्याची सगळी हत्यारं होती. असलं कुलूप तो बोलता बोलता उघडायचा, मी शंभरदा बघितलंय.

मी म्हणलं, "उघड की. कोण बघतंय इथं?"

त्यानं कुलूप हातात घेतलं, बघितलं आणि सोडून दिलं.

"अम्मी का दरवाजा मैं कैसा खोलूँ रे," तो म्हणाला. "जिंदगी में कभी नै खोला. वोइच उठके खोलती थी."

मग त्यानं चपला काढल्या, साखळी हळूच वाजवली, "अम्मी, मैं आया" म्हणाला, आणि एक पाऊल मागं सरकून उभा राहिला.